साथीच्या काळात परदेशवारी: ‘बिनधास्त जा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपमध्ये चोपडा, जळगाव, धुळे आणि सुरतेत स्थायिक झालेली मंडळी मिळून शंभरावर माणसं आहेत. तिथे एक मेसेज दर साथीला नव्याने उगवतो. ऑगस्ट २०२४मध्ये एमपॉक्सच्या (मंकीपॉक्सच्या) बातम्या आल्या तेव्हा आला, जानेवारी २०२५मध्ये एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या विषाणूच्या वेळी आला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सिंगापूर-हाँगकाँगमध्ये कोरोनाचे रुग्ण वाढले तेव्हा पुन्हा आला. थोडक्यात तो असा:

‘टीव्हीवरच्या बातम्यांना भिऊन परदेशाची सहल रद्द करू नका. मरणाऱ्यांचं प्रमाण दोन-अडीच टक्क्यांवर जात नाही, त्याहून जास्त माणसं रस्त्यावर मरतात. विमानतळावर तपासणी असते, आजारी माणूस विमानात चढूच शकत नाही. भरलेले पैसे बुडवू नका. रद्द करायचं तर विमान कंपनीला करू द्या. विमा आहेच. आणि अगदीच अडकलात तर सरकार विमान पाठवून आणतं, २०२०मध्ये आणलंच ना!’

हे उत्तर मी लिहितोय, कारण मार्च २०२०मध्ये जवळजवळ याच शब्दांत मी माझ्या आईवडिलांची समजूत घातली होती. बहीण न्यू जर्सीत, तिचं पहिलं बाळंतपण, तिकिटं काढलेली. वडील, म्हणजे नाना, म्हणत होते, थांबू या का? मी म्हणालो, काही होत नाही, जा. ७ मार्चला ते मुंबईहून निघाले.

पहिला मुद्दा टक्क्यांचा. दोन-अडीच टक्के हा आकडा खोटा नाही, पण तो सगळ्यांची सरासरी आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने ७२,३१४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. निदान पक्कं झालेल्यांत एकूण मृत्यू २.३ टक्के होते. सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या लोकांत ते ८ टक्के, आणि ऐंशीच्या पुढे १४.८ टक्के. आता आपल्याकडून परदेशात जातं कोण, ते बघा. नोकरीवर जाणारी तरुण पोरं सोडली तर उरतात लेकीच्या बाळंतपणाला जाणारे आईबाप आणि निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर ग्रुप टूरला निघालेली जोडपी. साठी ओलांडलेली, बीपीची गोळी रोजची, बऱ्याच जणांना साखर. त्यांना सरासरी दाखवून उपयोग नाही, त्यांच्या वयाची ओळ दाखवायला हवी. ती ओळ मी वाचली होती. नानांना वाचून दाखवली नाही.

आणि रस्त्यावरच्या अपघातांशी तुलना तर आपण जळगावकरांनी करूच नये. पाळधी ते नशिराबाद महामार्गाने किती घरं उजाड केली, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण अपघात झाला तर तो त्या रस्त्यावरच संपतो. जखमी माणूस दवाखान्यातून घरी आला म्हणून त्याच्या आईला अपघात होत नाही. साथीत तेच होतं. चार पिढ्या एका वाड्यात, एकाच मोरीवर हातपाय धुणारं घर असेल, तर परदेशी गेलेल्या एकट्याचा धोका मोजून हिशोब पुरा होत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने फक्त जाणाऱ्याचा हिशोब केला आहे, घरी थांबलेल्यांचा नाही.

विमानतळावरच्या तपासणीचं उत्तर पुण्याने दिलेलं आहे. महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण म्हणजे दुबईची ग्रुप टूर करून १ मार्च २०२० रोजी परतलेलं पुण्याचं जोडपं. निदान झालं ९ तारखेला. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी, त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीवाला आणि विमानातला एक सहप्रवासी, असे तिघे बाधित निघाले. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाची तपासणी करायची, असं केंद्राने जाहीर केलं ४ मार्चला, म्हणजे ते घरी पोहोचल्यावर तीन दिवसांनी. ते कुणाला फसवून आत आले नव्हते. विमानतळावरचा तो कॅमेरा ताप बघतो. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत जे पाच-सात दिवस जातात (क्वचित चौदा), त्या दिवसांत कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. क्रोसिन घेऊन उतरलेला माणूसही त्याला धडधाकटच दिसतो.

आता पैशांचा मुद्दा. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. आपण होऊन तिकीट रद्द केलं तर रद्द करण्याचा आकार कापला जातो. कंपनीने विमान रद्द केलं तर पूर्ण परतावा मागण्याचा हक्क असतो. त्यामुळे उड्डाण रद्द होणार अशी दाट चिन्हं असतील आणि हातात चार दिवस असतील, तर थांबण्यात व्यवहार आहे. पण तो पैसा कधी मिळतो? २०२०च्या टाळेबंदीत कंपन्यांनी रोख परत देण्याऐवजी ‘क्रेडिट शेल’ दिलं, म्हणजे पुढच्या प्रवासासाठी जमा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल लागला. ज्यांच्या कंपन्या पैशांच्या अडचणीत होत्या, त्यांना ३१ मार्च २०२१पर्यंत ते शेल वापरायची मुदत मिळाली, दरमहा थोडी वाढ धरून, आणि न वापरल्यास त्यानंतर परतावा. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचे पैसे कंपनीकडून एजंटकडे आणि मग प्रवाशाकडे. कापसाचे पैसे हातात आले की तिकीट काढणाऱ्या आणि पेरणीला तेच पैसे लागणाऱ्या घराला एवढं थांबणं म्हणजे सावकाराचं दार.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. तिकिटावर ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलेलं असलं तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत द्यावेच लागतात, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. रद्द करताना तेवढे तरी मागून घ्या. आणि टूर कंपनीचं पत्रक नीट वाचा: निघायच्या तारखेच्या जितकं जवळ जाऊन रद्द कराल, तितकी कपात वाढत जाते, ठरावीक टप्प्यांनी. पुढचा टप्पा ज्या तारखेला लागतो, तिच्या आदल्या दिवशी घरात बसून निर्णय घ्यायचा. ‘बघू, अजून वेळ आहे’ म्हणत त्या तारखा ओलांडल्या की मग ‘आता एवढे पैसे गेलेच, तर जाऊनच येऊ’ ही भाषा सुरू होते.

या भाषेवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण आपण केळीवाली माणसं आहोत आणि शेतात आपण असं कधी वागत नाही. बागेत सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला, ज्याला आपण हरण्या म्हणतो, तर आपण काय करतो? पानांवर पिवळे पट्टे दिसले की ते झाड उपटतो आणि बागेच्या बाहेर नेऊन नष्ट करतो. त्या रोपाला पैसे मोजलेले असतात, ठिबक अंथरलेलं असतं, खताचा पहिला हप्ता दिलेला असतो. तरी उपटतो, कारण ते झाड ठेवून दिलेले पैसे परत येत नाहीत आणि मावा ही कीड तोच रोग शेजारच्या झाडावर नेते. माझ्या काकांनी एका हंगामात अर्धी बाग स्वतःच्या हाताने उपटली. त्या दिवशी ते जेवले नाहीत, पण ‘रोपांचे पैसे दिलेत’ म्हणून एक झाडही ठेवलं नाही. तिकिटाचे गेलेले पैसे तसेच. सहलीला गेलं तरी ते परत येत नाहीत, न गेलं तरी येत नाहीत. विचार करायचा तो अजून खर्च व्हायच्या पैशांचा आणि ज्यांना झळ लागेल त्या माणसांचा.

विम्याबद्दल थोडक्यात. ‘भीती वाटली म्हणून रद्द केलं’ हे कारण साध्या प्रवास विम्यात बसत नाही. साथ जाहीर झाल्यावर काढलेल्या पॉलिसीत ती साथ ‘आधीच माहीत असलेली घटना’ म्हणून वगळली जाऊ शकते, आणि सरकारने ‘जाऊ नका’ सांगितलेल्या देशात गेल्यावर तर दावा आणखी अवघड. बीपी-साखर आधीपासून असेल तर त्या आजारांचा खर्च बहुतेक पॉलिसींत जिवावर बेतल्याशिवाय मिळत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण तो व्हिसापुरता पुरेसा आहे, याचा अर्थ आजारपणाला पुरेल असा नव्हे. एजंट देतो तो एक पानाचा कागद म्हणजे पॉलिसी नव्हे. पूर्ण पॉलिसी मागा आणि ‘काय मिळणार नाही’ हा भाग आधी वाचा.

शेवटचा मुद्दा, सरकार विमान पाठवतं. हो, पाठवतं. वुहानमधून एअर इंडियाच्या दोन विमानांनी ६४७ भारतीय आणले, मालदीवचे सातजणही. ज्या लोकांनी ते काम केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तारखा बघा. ११ मार्च २०२०ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महामारी म्हटलं. १७ मार्चला फिलिपिन्स, मलेशिया आणि अफगाणिस्तानातून येणाऱ्यांना भारताने प्रवेश थांबवला, तोही तत्काळ. फिलिपिन्समध्ये वैद्यकीय शिकणारी आपली मुलं विमान बदलायला क्वालालंपूरला उतरली होती, ती तिथेच अडकली. १८ तारखेपासून युरोप आणि ब्रिटन बंद. २२ मार्चपासून बाहेरून येणारी नियमित प्रवासी विमानं बंद, आधी एका आठवड्यासाठी. ती नियमित सेवा पुन्हा सुरू झाली २७ मार्च २०२२ला. महामारीची घोषणा ते बंद आकाश, मध्ये अकरा दिवस. अडकलेल्यांना आणायच्या ‘वंदे भारत’ मोहिमेची पहिली विमानं ७ मे २०२०ला निघाली, म्हणजे आकाश बंद झाल्यावर ४६ दिवसांनी. तीही फुकट नव्हती. अमेरिकेहून एका तिकिटाला सुमारे १ लाख रुपये, शिवाय दूतावासात नाव नोंदवून पाळी यायची वाट बघायची.

नानांचं परतीचं तिकीट १८ एप्रिलचं होतं. सोबत दोन महिन्यांच्या गोळ्या नेल्या होत्या. मेच्या पहिल्या आठवड्यात त्या संपल्या. तिथे आपल्या डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. तिथल्या डॉक्टरला दाखवा, त्याचे पैसे द्या, मग गोळ्या. बहीण ओली बाळंतीण, जावई घरून काम करणारा, आई-नाना एका खोलीत. कुणी वाईट वागलं नाही, पण तीन महिन्यांच्या पाहुणचारासाठी कुणी तयार नव्हतं.

मेच्या मध्यात आजी गेली. चोपड्याजवळच्या आमच्या गावी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, कोरोनाने नव्हे, वयाने. शेवटचे आठ दिवस ती फोनवर नानांना एवढंच विचारायची, ‘कव्हय येशी रे?’ (कधी येशील रे?) नाना थोरले. अग्नी मी दिला. मोजकी माणसं, तोंडाला रुमाल. काकांच्या पोराने मोबाइल धरला होता आणि अमेरिकेत तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नाना-आई न्यूअर्कहून मुंबईत उतरले, सात दिवस स्वतःच्या खर्चाने हॉटेलात राहिले, मग पास काढून गाडीने गावी आले. अंगणात आल्यावर नाना आजीच्या बाजेपाशी गेले आणि बराच वेळ तिथे उभे राहिले. मला त्यांनी कधीही एका शब्दाने दोष दिला नाही.

सरकारने त्यांना आणलं, हे खरं आहे. मेसेजमधलं ते वाक्य खोटं नाही. त्यात फक्त ‘कधी’ लिहिलेलं नाही.

म्हणून प्रत्येक बातमीवर तिकीट फाडा, असं मी सांगत नाही. एचएमपीव्ही हा विषाणू २००१पासून माहीत आहे. जानेवारी २०२५मध्ये त्याच्या नावाने सहल रद्द करायचं कारण नव्हतं, आणि मी तसं ग्रुपवर लिहिलंही होतं. रोग नवा आहे की जुना ओळखीचा, त्याच्यावर लस आहे का, देश दारं लावू लागलेत का, हे बघायचं. आणि ज्याचं जाणं टळत नाही, त्याने गोळ्या परतीच्या तारखेच्या पुढे तीन महिने पुरतील एवढ्या न्याव्यात, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं. लेकीचं बाळंतपण आणि दुबईचा शॉपिंग फेस्टिव्हल यांना एकाच तराजूत घालू नये. २०२०मध्ये सगळं कळलं असतं तरी आई कदाचित गेलीच असती. पण मग नाना थांबले असते, आणि तो निर्णय त्यांनी डोळे उघडे ठेवून घेतला असता.

मे २०२५मध्ये चुलत बहिणीचं सिंगापूरचं ठरलं होतं. तिने मला तो मेसेज पाठवून विचारलं, जाऊ का? आम्ही दोघांनी बसून टूरचं पत्रक वाचलं, कपातीची पुढची तारीख चार दिवसांवर होती. घरातल्या सगळ्यांना लस झालेली, विमानं नेहमीसारखी चालू, कोणत्याही देशाने दार लावलेलं नव्हतं. मी म्हणालो, जा. अडचण एकच होती: काकूंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालतं आणि त्या तिच्या शेजारच्याच घरात राहतात. परत आल्यावर बहीण आठ दिवस त्यांच्या घरात गेली नाही. काकूंसाठी आणलेल्या चॉकलेटची पिशवी तिने ओट्यावर ठेवली आणि अंगणातूनच हाक मारली.