नाचणीनं भागलं असतं तर आईचं मनगट मोडलं नसतं

ताई, तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं की सासूबाई 15 वर्षं थायरॉईडची गोळी घेतायत, हाडांना काही झालं नाही, नाचणी-दूध पुरतं, हे हल्लीचं फॅड आहे आणि मी बायकांना उगाच घाबरवते.

एक चूक माझी आहेच. 'थायरॉईडनं हाडं ठिसूळ होतात' या माझ्या पोस्टमध्ये मी नुसतं 'थायरॉईड' लिहिलं. आपल्याकडं बहुतेकींना तो कमी असतो, सासूबाईंचाही कमीच असणार. मी बोलत होते जास्त झालेल्याबद्दल, ते स्पष्ट लिहायला हवं होतं.

पण फॅड नाही हो. फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरनं 1891 सालीच अशा एका बाईची हाडं किडीनं खाल्ल्यासारखी झाल्याचं लिहून ठेवलंय.

आणि नाचणीचं म्हणाल तर आमच्या घरात रोज आंबील असते. आम्ही सांगलीचे, विश्रामबागचे. आई 58 ची, वर्षात 9 किलो उतरली, गल्लीतल्या बायका विचारायच्या काय डाएट करताय आणि आम्हीपण खूश, कप बशीत ठेवताना खुळखुळ वाजायचा ते वयामुळं वाटायचं. मग मोरीत पाय घसरला, हात टेकला एवढंच, मनगट मोडलं. मिरजेच्या डॉक्टरांनी एक्सरे बाजूला ठेवून आधी तिच्या बोटांची थरथर बघितली. टीएसएच, म्हणजे थायरॉईड जास्त झाला की रक्तात खाली जाणारं हार्मोन, निघाला 0.01, जवळपास शून्यच. कॅल्शिअमच्या गोळ्या तर 2 वर्षं चालूच होत्या!

असं का होतं, तर हाडात जुनं खरवडणं आणि नवं भरणं कायम चालू असतं, एका फेरीला साधारण 200 दिवस लागतात. थायरॉईडचं हार्मोन जास्त झालं की ती जवळपास निम्म्यात उरकते, खरवडणाऱ्या पेशी पुढं पळतात, भरणाऱ्यांना तेवढा वेळच मिळत नाही, दर फेरीला थोडा खड्डा राहतो. निघालेलं कॅल्शिअम रक्तात येऊन लघवीवाटे जातं, आणि रक्तात भरपूर आहे म्हणून आतडी खाण्यातलं कमीच ओढून घेतात. आधी थायरॉईड आटोक्यात आणायला लागतो. आई कार्बिमाझोल या थायरॉईड कमी करणाऱ्या गोळीवर आहे, यंदाच्या डेक्सा स्कॅनमध्ये (हाड किती भरीव ते मोजतात तो) हाड थोडं भरलंय, सगळं भरेलच असं नाही.

आता सासूबाईंचं. गोळीचा डोस जास्त झाला तरी टीएसएच असाच खाली जातो, आणि पाळी गेलेल्या बाईच्या हाडांना तोच त्रास होतो. गोळी मनानं अजिबात बंद करू नका, पण त्यांचा टीएसएच शेवटचा कधी केलाय तेवढं बघून मला सांगाल का?