पीटीचा तास परत गणिताला गेला

आज मुलगा शाळेतून आला, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि बूट काढता काढता म्हणाला, "आई, आज पण पीटी नव्हती, मॅथ्सच्या टीचर आल्या होत्या." डब्यात भेंडी होती हे सांगावं तितक्या सहज! या महिन्यातली ही चौथी वेळ. आठवड्यात पीटीचे तास असतात दोन, त्यातला एक युनिट टेस्टच्या पोर्शनला जातो, दुसरा गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला, आणि पोराची काही तक्रारच नाही, त्याला वाटतं शाळा अशीच असते. मला जास्त राग याचा आलाय.

शाळेचं नाव लिहीत नाही, कारण हे एका शाळेचं नाहीच आहे. तुमच्या मुलांना आज रात्री जेवताना विचारा, शेवटचा पीटीचा तास खरोखर मैदानात कधी झाला ते.

मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो, राजापूर तालुक्यात, सासरी. आमच्या गावच्या देवीचं देऊळ वर सड्यावर आहे, जायला चिऱ्याची पाखाडी, शंभर-सव्वाशे पायऱ्या असतील. सकाळी सातला निघालो, ऊन पण नव्हतं. सासूबाई पुढे, वय ७२, एका हातात ओटीचं ताट, दुसऱ्या हाताने नऊवारीचा ओचा सावरत न थांबता चढत होत्या. माझा नऊ वर्षांचा मुलगा, पायात नवेकोरे स्पोर्ट्स शूज, मध्येच खाली बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं, मानेवर घाम. मला म्हणाला, "आई तू जा पुढे, मी इथेच थांबतो." उतरताना मी पायऱ्या मोजल्या. तो ४३व्या पायरीवर बसला होता.

आजारी नाहीये हो तो. वजन ठीक, लसी सगळ्या वेळेवर, सकाळी बदाम, रात्री हळदीचं दूध, सगळं चालू आहे. फक्त पोरगं पळत नाही. पळणार कुठे आणि कधी?

आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये बोर्ड आहे, "येथे बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे." बिल्डरच्या ब्रोशरमध्ये जिथे चिल्ड्रन्स प्ले एरिया लिहिलं होतं तिथे आता चार एसयूव्ही उभ्या असतात. एका काकांच्या गाडीला ओरखडा आला तर ग्रुपवर दोनशे मेसेज, आणि पन्नास पोरं संध्याकाळी घरात बसून असतात त्यावर एक मेसेज नाही. एक पण नाही! बरं, काचा फुटतात, म्हाताऱ्या माणसांना बॉल लागतो, मान्य. मग जागा ठरवा, वेळ ठरवा, बोर्ड कसले लावता?

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी याला चष्मा दिला, आणि सांगितलं काय, तर रोज दोन तास बाहेर उजेडात खेळू द्या, लहानपणी बाहेरच्या उजेडात राहिलं की लांबचं न दिसण्याचा त्रास होण्याची शक्यता कमी होते. दोन तास! जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं म्हणते, चांगला दम लागेल असं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. मैदान आहे आमच्या शाळेला, छान आहे, ॲडमिशनच्या वेळी फिरवून दाखवलं होतं.

शाळेवर पोर्शनचं प्रेशर असतं हे मला कळतं, आणि आपणच पालक मार्क कमी पडले की ऑफिसात जाऊन उभे राहतो, हेही खरं. पण तास द्यायची वेळ आली की दर वेळी पीटीचाच का? गणिताचा तास कधी खो-खोला दिलाय का कोणी?

खो-खोवरून आठवलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताने पुरुष आणि महिला दोन्ही जिंकले, दोन्ही कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मी पण ठेवला. मग मुलाला म्हटलं चल तुला शिकवते, चौकात कसं बसायचं दाखवते. त्याला उकिडवं बसताच येईना. टाचा उचलल्या जात होत्या, मागे पडत होता, दोन मिनिटांत पाय दुखायला लागले. नऊ वर्षांचा मुलगा! या खेळाला ना बॅट लागते ना बूट, दोन टीम, दोन खांब आणि मातीचा एक तुकडा बास, आणि तेवढंही आपण पोरांना ठेवलं नाही.

आता कोणीतरी कमेंटमध्ये म्हणेल क्लास लाव. लावला होता. स्केटिंग लावलं, तीन महिन्यांची फी भरली, किट घेतलं. आठवड्यात दोन दिवस पाऊण तास, त्यातला अर्धा वेळ लाइनमध्ये उभं राहण्यात. क्लास वाईट नसतात, ज्याला आवडतं त्याने जरूर जावं. पण खेळ हा क्लास झाला ना की मूल गाडीतून जातं, गाडीतून येतं आणि घरी येऊन थकलो म्हणून मोबाइल घेतं. आम्ही शाळा सुटली की दप्तर फेकून लगोरी, डबा ऐसपैस, लंगडी, दिवेलागणीला आई हाका मारून दमायची. गुडघे कायम सोललेले. त्याला फिटनेस म्हणतात हे कोणाला माहीत होतं.

खरं सांगू का, ती पाखाडी डोळ्यासमोरून जात नाहीये. देवळातून परत येताना सासूबाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "त्याला जरा धावू दे गो, अंगात जीव आहे त्याच्या." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दोन वर्षांचा असल्यापासून जेवताना हातात मोबाइल मीच दिलाय, पटकन खातो म्हणून. "नको खाली जाऊस, पडशील," हे मीच म्हटलंय, शेकडो वेळा. साडेसातला लोकलमधून उतरून घरी येते तेव्हा माझ्यातही काही उरलेलं नसतं, तुमचंही तेच असणार, मला माहितीये. शाळेवर चिडून लिहायला बसले आणि लिहिता लिहिता इथे आले.

शाळेला मेल केलाय आज, नीट शब्दांत, पीटीचा तास पीटीलाच राहू द्या म्हणून. वर्गातल्या आणखी आई-बाबांनी केला तर फरक पडेल, एकटीचा मेल कोण वाचतंय.

आणि मघाशी जेवण झाल्यावर त्याला घेऊन खाली गेले, दोरी घेऊन. पहिल्यांदा सहा उड्या मारल्या आणि दोरी पायात अडकली. मग नऊ. मग चिडला, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि एकवीस मारल्या. वर येताना लिफ्टचं बटण दाबलं नाही त्याने, मीही आठवण केली नाही.

उद्या परत जाणार आहोत, रात्री साडेआठला, बी विंगच्या मागे. बॉल नाहीये, त्यामुळे बोर्डाचा प्रश्न नाही. आमच्या बिल्डिंगमधले जे हे वाचतायत त्यांनी पोरांना पाठवा, जमलं तर स्वतः या. दोरी आमच्याकडे एकच आहे, आपापली आणा.