आत्याची मुकी सीडी

बाबांच्या पंच्याहत्तरीला गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आत्याला येता आलं नाही, इथून सगळं सुरू झालं. व्हॉट्सॅपवर व्हिडिओ पाठवतो म्हटलं तर म्हणाली, "मोबाईलवर काय मुंग्या बघत बसू? टीव्हीवर लागेल अशी सीडी दे." कराडला तिच्याकडे जुना डीव्हीडी प्लेअर आहे, अजून ठणठणीत, वर क्रोशाचा रुमाल वगैरे. आणि तिच्या लेखी गोल चकचकीत असेल ती सीडीच.

मी आयटीत, त्यामुळे मिक्सर बिघडला तरी घरचे माझ्याकडेच बघतात, मग नाही कसं म्हणणार? लॅपटॉपला डिस्कचा ड्राइव्हच नाही, मित्राकडून रायटर मागून आणला, प्लेअरवर डिव्हएक्स लिहिलंय, म्हणजे एव्हीआय व्हिडिओ फाईली चालणार, म्हणून एका फुकट कन्व्हर्टरने मोबाईलच्या एमपीफोरची एव्हीआय फाईल केली, लॅपटॉपवर लावून बघितली, झकास चालली, आणि गावाकडे निघालेल्या एकाच्या हाती डिस्क दिली.

दुसऱ्या दिवशी फोन. "अरे, दादा नुसतं तोंड हलवतोय!"

मी आवाजाच्या लाल-पांढऱ्या वायरींची चौकशी सुरू केली. आत्या म्हणाली वायरी जागच्या जागी आहेत, सकाळीच अभंग वाजलेत. म्हणजे गुन्हेगार मीच. देशात १९३१ साली बोलपट आले, आमच्या घरात अजून यायचे होते.

दोन रात्री डोकं खाजवल्यावर कळलं की कन्व्हर्टरने चित्र बदललं पण ऑडिओच्या रकान्यात 'कॉपी' राहिलं होतं, त्यामुळे मोबाईलचा एएसी प्रकारातला आवाज तसाच्या तसा आत गेला आणि तो त्या बिचाऱ्या प्लेअरला समजतच नाही. मग लॅपटॉपवर कसा ऐकू आला? कारण तिथे व्हीएलसी हा व्हिडिओ लावायचा प्रोग्रॅम होता. व्हीएलसी म्हणजे गावजेवणाच्या पंगतीतला गडी, पानात काहीही वाढा, हूं की चूं करत नाही. जुना डीव्हीडी प्लेअर म्हणजे सोवळ्यातली आजी. सरळ रीतसर डीव्हीडी करायची तर आवाज एसीथ्री, एमपीटू नाहीतर पीसीएम प्रकारातला, तोही सेकंदाला ४८,००० सॅम्पलचा, म्हणजे आवाजाच्या नमुन्यांचा, ऑडिओ सीडीचे ४४,१०० चालत नाहीत, चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलचं, फ्रेम सेकंदाला २५. एवढे नियम आमच्या मुंजीतही नव्हते.

सगळं पाळलं. एसीथ्री, ४८,०००, डिस्क तयार. हौसेनं उघडून बघितली तर आत दोन फोल्डर, व्हिडिओ_टीएस गच्च भरलेलं आणि ऑडिओ_टीएस रिकामं! शून्य बाइट! परत आवाज गेला म्हणून मी कपाळ बडवलं, दुसरी बर्न केली, तीही रिकामी, तिसरी केली, बायको म्हणाली आता कावळे हाकलायला टांगू या. मग कधीतरी रात्री दीडला वाचलं की ते फोल्डर डीव्हीडी-ऑडिओ नावाच्या वेगळ्याच प्रकारासाठी असतं आणि व्हिडिओच्या डिस्कमध्ये ते रिकामंच असायचं. आवाज तिकडे व्हिडिओ_टीएसमधल्या व्हीओबी नावाच्या फाईलीत चित्रासोबतच गुंफलेला. अरे मग नाव तरी बदला ना! दारावर स्वयंपाकघर अशी पाटी आणि आत नुसती भिंत.

डिस्क कराडला गेली. दोन दिवस फोन नाही म्हणून मीच केला.

"लागली की. आवाज खणखणीत आहे," आत्या म्हणाली, पण स्वर थंड. मग हळूहळू कळलं. पहिली मुकी सीडी तिनं शेजारच्या चार बायकांना दाखवली होती आणि स्वतः शेजारी बसून सगळं सांगितलं होतं, हे बघा आता दादा माझं नाव घेतोय, बघा कसे डोळे पुसतोय, लहानपणी माझ्याच वह्यांवर शिकला ना तो. परवा त्याच चौघी आवाजासकट बघायला आल्या. बाबांनी बावीस मिनिटं भाषण केलंय. त्यात केटररचे आभार आहेत, मांडववाल्याचे आहेत, सोसायटीच्या वॉचमनचेही आहेत.

"आणि डोळे पुसत होता ना," आत्या म्हणाली, "ते समोरचा लाईट डोळ्यात जातोय म्हणून. तसं बोललाय स्वतःच."

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "दादा आहे का घरात? दे त्याला फोन."