‘गाडी शिकवायला बारा क्रेडिट कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हायस्कूलमध्ये ड्रायव्हिंग शिकवणारे शिक्षक कसे तयार होतात, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे. दोन ओळींत तिची बोळवण करणं बरं नाही, म्हणून स्वतंत्र उत्तर देतो. इतर वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात असे. पंचवीस वर्षं बिनअपघाती गाडी चालवणारा बाप मुलाला स्वतः शिकवू शकतो; त्यासाठी आधीच शिक्षक असलेल्या माणसाला पुन्हा विद्यापीठात बसवून बारा क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे विद्यापीठातला अभ्यास मोजायचं एकक) फी भरायला लावणं हा निव्वळ धंदा आहे. दुसरं, जॉर्जियातल्या डिकाल्ब काउंटीच्या अभ्यासानं ड्रायव्हर एज्युकेशन निरुपयोगी असल्याचं केव्हाच सिद्ध केलंय. आणि तिसरं, पुण्यात दहावी पास उस्तादाकडे शिकलेले आपण सगळे आज फ्रीवेवर व्यवस्थित गाडी चालवतोच की.

तिसरा मुद्दा आधी उरकतो. चालवतो खरे, पण ज्यांचं व्यवस्थित झालं नाही ते प्रतिक्रिया लिहायला येत नाहीत. आणि उस्तादाला तुम्ही समजता तितका मोकळा सोडलेला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २४ नुसार प्रशिक्षक दहावी पास हवा, त्याला गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव हवा आणि त्याच्याकडे मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र किंवा त्याहून वरची पात्रता हवी. नियम ३१ मध्ये हलक्या वाहनासाठी किमान २१ दिवस आणि १० तास ड्रायव्हिंग सांगितलंय. कागदावर हे पेनसिल्व्हेनियातल्या शाळेच्या अभ्यासक्रमात गाडीत मिळणाऱ्या सहा तासांपेक्षा जास्तच भरतं! पण त्या पात्रतेत काय नाही ते बघा. ब्रेक शू आणि गिअरबॉक्स समजावून सांगता आला पाहिजे हे आहे. घाबरलेल्या शिकाऊ माणसाशेजारी बसून शिकवायचं कसं, याचं प्रशिक्षण कुठेच मागितलेलं नाही. पेनसिल्व्हेनियाची बारा क्रेडिट नेमकी त्यासाठी आहेत.

आता ही बारा क्रेडिट म्हणजे काय. इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियाचं उदाहरण घेऊ (नाव इंडियाना असलं तरी विद्यापीठ पेनसिल्व्हेनियातच आहे). तिथे प्रत्येकी तीन क्रेडिटचे चार विषय आहेत : सुरक्षा आणि तातडीची आरोग्यसेवा, ड्रायव्हिंगच्या कामाची उकल, कार्यक्रमाचं व्यवस्थापन, आणि वर्ग, सिम्युलेटर, मैदान व रस्ता या वेगवेगळ्या ठिकाणी शिकवण्याच्या पद्धती. मूळ शिक्षक परवान्यावर ही जोड मिळते. शाळेत काम करायचं म्हणजे राज्य पोलिसांची तपासणी, बोटांच्या ठशांवरून एफबीआयची तपासणी आणि बालशोषणाच्या नोंदींची तपासणी, या तिन्ही आल्याच. यातला व्यवस्थापनाचा विषय थोडा पातळ आहे, त्यावर तुमच्याशी भांडणार नाही. पण दुसऱ्या आणि चौथ्या विषयात जे शिकायचं असतं ते पंचवीस वर्षं गाडी चालवूनही आपोआप येत नाही.

साधी गोष्ट घ्या : उजव्या सीटवरून रस्ता वेगळा दिसतो. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, शिक्षक उजवीकडे. ड्रायव्हरच्या जागेवरून बघताना फुटपाथची कड बॉनेटच्या मध्यावर आलेली दिसली, की बहुतेक गाड्यांत उजवी चाकं कडेपासून साधारण सहा इंचांवर असतात. ही खूण विद्यार्थ्याला शिकवायची असते. पण शिक्षकाच्या सीटवरून तीच कड बॉनेटच्या मध्यावर दिसत नाही, बरीच उजवीकडे सरकलेली दिसते. नवखा शिक्षक इथे हमखास फसतो. गाडी कडेला घासणार असं वाटून विनाकारण डावीकडे घ्यायला लावतो, नाहीतर खरंच घासत असताना गप्प राहतो. यावर उपाय म्हणजे गाडी कडेला नीट लावायची, खाली उतरून टेपनं अंतर मोजायचं, मग आपल्या सीटवर बसून कड कुठे दिसते ते काचेवर चिकटपट्टीनं नोंदवायचं. डावीकडच्या लेनच्या रेषेचं आणि पुढच्या बंपरचंही तसंच. गाडी बदलली की सगळं पुन्हा.

मग येतो जादा ब्रेक. शिक्षकाच्या पायाशी असलेलं हे पेडल तार किंवा दांडीनं ड्रायव्हरच्या ब्रेकला जोडलेलं असतं. दर धड्याआधी गाडी उभी असतानाच ते दाबून बघायचं. ड्रायव्हरचं पेडल सोबत खाली जायला हवं आणि सोडल्यावर पूर्ण वर यायला हवं. त्या बाजूची पायपुसणी आधी काढून टाकायची, कारण ती सरकून पेडलखाली अडकली तर ऐनवेळी पेडल पूर्ण दाबलं जात नाही. पाय ब्रेकच्या वर तयार ठेवायचा, ब्रेकवर टेकवायचा नाही. टेकवला की मागचे दिवे सतत पेटलेले राहतात, मागच्या गाड्यांचा गोंधळ होतो, आणि विद्यार्थ्याला गाडी अशी जड का चालतेय ते कळत नाही.

ब्रेक कधी मारायचा हा खरा कसोटीचा भाग. लवकर मारला तर मुलाला आपण काय चुकलो ते उमगतच नाही. उशिरा मारला तर काय होतं ते सांगायला नको. आणि सारखा मारला तर मूल ती जबाबदारी बिनबोभाट तुमच्याकडे सोपवून मोकळं होतं. म्हणून ब्रेक मारल्यावर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यायची, तो का मारला हे विचारायचं, मग सांगायचं, आणि त्याची नोंद करायची. पुढच्या धड्यात ती नोंद कमी झाली की नाही, ही प्रगती मोजायची चांगली खूण आहे.

विद्यार्थ्यानं ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला तर नुसता ब्रेक पुरत नाही. गाडी थांबायला अंतर जास्त लागतं. अशा वेळी ब्रेकसोबत डाव्या हातानं गिअर न्यूट्रलला टाकायचा. गिअरची दांडी दोन सीटच्या मधे असेल तर हात सहज पोचतो. ती स्टिअरिंगच्या मागे असेल, किंवा बटणाचे नाहीतर फिरत्या चकतीचे गिअर असतील, तर पोचेलच असं नाही. म्हणून हे रिकाम्या मैदानात आधी करून बघायचं. स्टिअरिंगला हात लावायची वेळ आली तर चाकाच्या खालच्या, आपल्या बाजूच्या भागाला धरून हलका, ठाम दाब द्यायचा. वरून हात घालून चाक ओढणं ही घरच्या शिकवणीतली नेहमीची चूक : हात एअरबॅगच्या वाटेत येतो, आणि दचकलेलं मूल उलट्या दिशेला जोर लावतं. उजवं चाक रस्त्याच्या कडेवरून खाली उतरतं तेव्हा तर हे फारच महागात पडतं. तिथे करकचून ब्रेक मारायचा नाही, वेग उतरू द्यायचा आणि मगच थोडंसं चाक फिरवून वर यायचं. झटका दिला की गाडी थेट समोरच्या लेनमध्ये.

आता बोलण्याकडे वळू. सूचना देताना आधी ठिकाण, मग कृती : ‘पुढच्या स्टॉप साइनला, डावीकडे.’ आणि तीही चौक यायच्या निदान एक ब्लॉक आधी. उलट क्रमानं सांगितलं तर ‘डावीकडे’ ऐकताच मूल चाक फिरवायला लागतं. (आपल्याकडची ‘वळ, वळ, अरे इथंच, गेलं की!’ ही पद्धत तुम्हाला आठवत असेल.) त्याहून अवघड म्हणजे सूचना हळूहळू कमी करत जाणं. पहिल्या तासाला शिक्षक सांगतो, मग विद्यार्थी चालवता चालवता आपल्याला काय दिसतंय ते मोठ्यानं बोलतो, मग शिक्षक फक्त प्रश्न विचारतो : ‘त्या पांढऱ्या व्हॅनच्या मागून काय येऊ शकतं?’ मुलाची नजर कुठे आहे हे बघायला काचेवर एक छोटा जादा आरसा लावलेला असतो. मान वळली आणि डोळे वळलेच नाहीत, असं शिकाऊ मुलांचं फार होतं, आणि ते फक्त त्या आरशात सापडतं.

फिलाडेल्फियाच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या संशोधकांनी किशोरवयीन चालकांच्या गंभीर अपघातांचं विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध केलं. पुरेसं न पाहणं, परिस्थितीच्या मानानं जास्त वेग आणि लक्ष विचलित होणं, या तीन चुका जवळपास निम्म्या अपघातांच्या मुळाशी होत्या. यातल्या पहिल्या चुकीवर काम करायचं तर शेजारी बसलेल्याला रस्ता आणि विद्यार्थ्याचे डोळे दोन्हींकडे एकाच वेळी बघता यायला हवं. बापाचं लक्ष बहुधा रस्त्यावरच असतं, आणि ते स्वाभाविकही आहे. त्याच्याकडे जादा ब्रेक नाही.

म्हणून बाप बाद, असं मी मूळ लेखातही म्हटलं नव्हतं. पेनसिल्व्हेनियात लर्नर्स परमिट सोळाव्या वर्षी मिळतं. पुढे किमान सहा महिने आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली ६५ तास सराव करावा लागतो, त्यात १० तास रात्रीचे आणि ५ तास खराब हवामानातले. शाळेच्या अभ्यासक्रमात वर्गातले ३० तास आणि गाडीतले ६. म्हणजे चाकामागचा बहुतेक वेळ घरच्यांच्याच वाट्याला येतो. सहा तासांत शिक्षक मूल पूर्ण तयार करू शकत नाही. त्यानं पुढच्या ६५ तासांची दिशा लावून द्यायची असते. चांगला शिक्षक दर धड्यानंतर पालकांना लेखी कळवतो की या आठवड्यात अमुक करून घ्या, लेन बदलायला अजून लावू नका. हे न करणारा शिक्षक प्रमाणपत्र असूनही अर्धंच काम करतो.

डिकाल्बचा दाखला तुम्ही दिलात ते बरं झालं, कारण तो नेहमी अर्धाच सांगितला जातो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या अभ्यासात १६ हजारांहून जास्त विद्यार्थी होते आणि त्यांचे तीन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते : एक मोठा अभ्यासक्रम, एक छोटा, आणि एक गट शाळेत काहीच न शिकणारा. मोठा अभ्यासक्रम सुमारे ७० तासांचा. पण त्यातले प्रत्यक्ष रस्त्यावरचे तास किती? तीनच्या आसपास! बाकी वर्ग, सिम्युलेटर आणि मैदान. परवाना मिळाल्यावर पहिल्या काही महिन्यांत थोडा फायदा दिसला, पुढे तो विरला. शिवाय शिकलेल्या मुलांना परवाने लवकर मिळाले, ती लवकर रस्त्यावर आली, त्यामुळे फेरविश्लेषणात हिशोब उलटाच निघाला : त्यांचेच अपघात जास्त. रस्त्यावर तीन तास देऊन आयुष्यभराची सुरक्षितता मागितली तर ती मिळत नाही, इतकंच यातून निघतं. शिक्षकाची तयारी कमी-जास्त असली तर काय होतं, हे या अभ्यासानं तपासलंच नव्हतं.

दुसऱ्या बाजूला नेब्रास्काचा अभ्यास आहे, २०१५ साली प्रसिद्ध झालेला, आठ वर्षांतल्या दीड लाखाहून जास्त मुलांचा. तिथे मुलं एकतर अभ्यासक्रम करतात किंवा मोठ्यांसोबतच्या ५० तासांच्या सरावाची नोंदवही देतात. म्हणजे तुमचा ‘शाळा की बाप’ हाच सामना. पहिल्या वर्षी अपघात अभ्यासक्रमवाल्यांत ११.१ टक्के, नोंदवहीवाल्यांत १२.९ टक्के. वाहतूक नियमभंगात फरक मोठा : १०.४ विरुद्ध १८.३. इथे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, मुलांनी आपापली वाट निवडली होती. घरचं उत्पन्न, राहण्याचं ठिकाण वगैरे हिशोबात धरूनही ही त्रुटी पूर्ण जात नाही. तेव्हा यावरून ‘बघा, जिंकलो’ असं मी म्हणणार नाही.

शिकलेल्यांना लवकर रस्त्यावर सोडू नये, हा डिकाल्बचा धडा घ्यायचाच असेल तर तो कायद्यानं घ्यायला हवा होता. पेनसिल्व्हेनियात अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या आणि वर्षभर अपघात व गुन्हा नसलेल्या मुलाला साडेसतराव्या वर्षीच पूर्ण परवाना मिळू शकतो. एरवी अठराव्या वर्षी. म्हणजे रात्री ११ ते पहाटे ५ गाडी चालवण्यावर तोवर असलेली बंदी सहा महिने आधी उठते. ओरेगनमध्ये मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केला की देखरेखीखालचा सराव १०० तासांवरून ५० वर येतो. शिकण्याचं बक्षीस म्हणून कमी सराव किंवा लवकर मोकळीक देणं मला पटत नाही. शिक्षकानं कमावलेलं या सवलतीतच खर्ची पडतं.

आणि तुमचं एक म्हणणं मला मान्य आहे : क्रेडिटची संख्या म्हणजे गुणवत्ता नव्हे. खऱ्या शिकाऊ मुलासोबत, मागच्या सीटवर अनुभवी शिक्षक बसलेला असताना, किती तास शिकवलं यावर प्रमाणपत्राची किंमत ठरायला हवी. सहाध्यायी शिक्षकानं ‘मी नवखा आहे’ असं सोंग घेऊन केलेला सराव त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण सोंग घेणारा खरा घाबरत नाही आणि चुकीचं पेडल दाबत नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावरही दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी मागच्या सीटवर बसून एक धडा तपासायला हवा. मला निवड दिली तर मी व्यवस्थापनाची तीन क्रेडिट काढून ते तास इकडे लावीन.

तुमच्या धाकट्या मुलीचं परमिट पुढच्या वर्षी आहे असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या शाळेनं गाडीतला भाग बंद करून फक्त वर्ग ठेवला असेल (खर्चामुळे अनेक शाळांनी तसं केलंय), तर खासगी स्कूलकडे जावं लागेल. पैसे भरण्याआधी एवढं विचारा : गाडीत शिकवणारा माणूस दर वेळी तोच असेल का, एक धडा मागे बसून बघता येईल का, आणि धड्यानंतर लेखी काय मिळेल. ‘मागे बसायला परवानगी नाही’ असं उत्तर आलं तर कारण विचारा. विम्याचं असेल तर समजण्यासारखं आहे. लेखी काहीच देत नसतील तर दुसरीकडे बघा.