हाडांबरोबर दातांचंही ऐका

जुन्या हाडांवरून प्राचीन माणसांचा आहार ओळखण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘हाडातल्या कार्बनवरून माणूस काय खात होता ते कळतं’ हे एका वाक्यात आटपायला नको होतं. हवेतला कार्बन घेण्याच्या पद्धतीवरून वनस्पतींचे सी-३ आणि सी-४ असे गट पडतात. मका, ऊस अशा सी-४ वनस्पतींचं कार्बन-१३ मूल्य (म्हणजे कार्बनच्या या जड प्रकाराचं प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा किती कमी-जास्त) साधारण उणे १२-१३ प्रति हजार, गहू-तांदळासारख्या सी-३ वनस्पतींचं उणे २६-२७. फरक ठळक आहे, मान्य. पण हाडात सी-४ची खूण दिसली म्हणजे त्या माणसाने मकाच खाल्ला असं नाही. मक्यावर पोसलेल्या जनावराचं मांस किंवा दूधही तीच खूण ठेवतं. समुद्री मासळीही आकडा त्याच दिशेला ओढते. म्हणून नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचा जड प्रकार) सोबत बघावाच लागतो. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की तो ३ ते ५ प्रति हजारने वाढतो.

दातांचा उल्लेखच नाही, याची मात्र हळहळ वाटली. हाड आयुष्यभर झिजतं-भरतं, त्यामुळे त्यात बऱ्याच वर्षांची सरासरी मिळते. दातातलं डेंटिन (वरच्या कठीण कवचाखालचा भाग) थराथराने बनतं आणि तसंच राहतं. अंगावर पिणारं बाळ आईच्या एक पायरी वर असतं, म्हणून सुरुवातीच्या थरांत नायट्रोजन-१५ चढलेला दिसतो आणि दूध तुटत जाईल तसा उतरत जातो. हजारो वर्षांपूर्वीच्या, नावगाव हरवलेल्या लेकराचं दूध साधारण कधी सुटलं, हे एका दाताच्या पातळ चकत्यांवरून वाचता येतं! मला तर दरवेळी भरून येतं. पुढच्या भागात यावर लिहाच.