सत्तर वेढे आणि सात वेढे

एका ट्रान्झिस्टरच्या रेडिओवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्यामुळे उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन. रात्री दोन-तीन स्टेशनं एकमेकांवर चढतात आणि गँग (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर) फिरवला तरी फक्त आवाज कमी-जास्त होतो. बाजारात रेडिओचं तयार मॉड्यूल स्वस्तात मिळत असताना हा खटाटोप कशाला? आणि मीडियम वेव्हच बंद पडत चाललेली असताना मुलांना हे शिकवणं म्हणजे निव्वळ स्मरणरंजन.

पहिल्या आक्षेपात चूक माझी आहे. फेराइट रॉडवर, म्हणजे रेडिओ लहरी गोळा करणाऱ्या काळ्या कांडीवर, सत्तर वेढ्यांची मुख्य कॉइल आणि शेजारी सात वेढ्यांची छोटी कॉइल घ्या, एवढंच मी लिहिलं. ती छोटी कॉइल कशासाठी, हे लिहायचं राहिलं. तुम्ही ती गाळलीत आणि मुख्य कॉइलचं टोक कंडेन्सरमधून सरळ ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकाला, जोडलंत. कारण दिलेलं नसताना कोणीही तेच करेल.

आता कारण सांगतो. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्‌झवर आहे असं धरू. तुमची कॉइल साधारण २०० मायक्रोहेन्रीची असेल, तर या वारंवारितेला तिचा अडथळा जवळपास १००० ओहम होतो. रॉड आणि तार बऱ्यापैकी असेल तर कॉइलचा क्यू, म्हणजे एकाच वारंवारितेला धरून राहण्याची तिची क्षमता, १०० च्या आसपास मिळतो. म्हणजे कॉइल आणि गँग यांची जोडी बाहेरून पाहणाऱ्याला हजार गुणिले शंभर, सुमारे एक लाख ओहमची दिसते. या जोडीला तुम्ही बीसी ५४८ या ट्रान्झिस्टरचा बेस जोडलात. त्याचा इनपुट रोध चारेक हजार ओहम. लाखाच्या शेजारी चार हजार येऊन बसले की क्यू १०० वरून थेट चारवर येतो. मग ७९२ ला लावलेला रेडिओ सुमारे २०० किलोहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा एकदम आत घेतो. स्टेशनांमधलं अंतर नऊ किलोहर्ट्‌झ असतं, म्हणजे वीस-बावीस स्टेशनांची जागा एकाच वेळी उघडी! दिवसा त्यातलं जवळचं एकच ऐकू येतं, म्हणून दोष लपतो. रात्री वातावरणातला लहरी शोषणारा खालचा थर विरतो, दूरची स्टेशनं वरून परावर्तित होऊन पोचतात आणि तुमच्या इअरफोनमध्ये गर्दी होते.

हे झोपाळ्यासारखं आहे. तालात हलके झोके दिले तर झोपाळा उंच जातो, पण बसणाऱ्याने पाय जमिनीला घासत ठेवले तर ताल धरला काय आणि चुकला काय, झोका सारखाच. बेस सरळ जोडणं म्हणजे पाय घासणं.

सात वेढे पाय उचलून धरतात. वेढ्यांचं गुणोत्तर दहास एक, आणि रोध त्याच्या वर्गाच्या पटीत बदलतो, म्हणून बेसचे चार हजार ओहम मुख्य कॉइलला चार लाख वाटतात. क्यू ऐंशीच्या आसपास टिकतो आणि पट्टा दहा किलोहर्ट्‌झवर येतो. बेसला मिळणारा व्होल्टेज दहाव्या हिश्श्यावर येतो हे खरं, पण क्यू टिकल्यामुळे मुख्य कॉइलवरचा व्होल्टेजच वीसेक पटीने वाढलेला असतो. त्यामुळे आवाज घटत नाही, उलट वाढतो.

नववीत असताना माझाही पहिला रेडिओ असाच घोळ करत होता. तपकीर गल्लीतून आणलेला ट्रान्झिस्टरच खराब असणार, असं मी धरून चाललो होतो. शेजारच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी काही न बोलता उरलेल्या तारेचे सात वेढे रॉडवर घातले, माझा सोल्डरचा एक डाग उपसला, दोन नवे दिले आणि गँग माझ्या हातात ठेवला. खुंटी जरा फिरवली की स्टेशन यायचं, आणखी जरा फिरवली की जायचं. ते जाणं ऐकून मला जितका आनंद झाला, तितका स्टेशन येण्यानेही झाला नव्हता.

तुमचा दुसरा आक्षेप इथेच सुटतो असं मला वाटतं. मॉड्यूल उत्तम चालतं, कार्यक्रम ऐकायचे असतील तर तेच घ्या. पण त्यात तुमच्याकडून ही चूक झालीच नसती, आणि बेसचा भार कॉइलवर पडतो हे तुम्हाला कानांनी कळलंही नसतं. माझ्या सर्किटमधला कुठलाही भाग काढा, काय बिघडलं ते लगेच ऐकू येतं. मला शिकवायचं आहे ते हेच, आणि त्यासाठी भाग थोडेच असायला हवेत.

मीडियम वेव्हबद्दल तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. आकाशवाणीची मीडियम वेव्हची ट्रान्समीटर एकेक करून बंद होत आहेत आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. पण कॉइल आणि कंडेन्सरची ही जोडी रेडिओबरोबर निवृत्त होत नाही. सोसायटीच्या दाराला टेकवायच्या बिल्ल्यात १२५ किलोहर्ट्‌झला लावलेली हीच जोडी असते, मेट्रोच्या कार्डात १३.५६ मेगाहर्ट्‌झची. शिवाय वैशाखात वळीव यायच्या आधी हा रेडिओ स्टेशन नसलेल्या वारंवारितेवर लावून ठेवा. ढग दिसायच्या आधी दूरच्या विजांची कडकड त्यात ऐकू येते. मुलांना ते ऐकवून बघा.

मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे. तुम्ही एवढंच करा: बेसकडे जाणारा कंडेन्सर मुख्य कॉइलपासून सोडवा आणि सात वेढ्यांच्या एका टोकाला जोडा, दुसरं टोक निगेटिव्हला द्या. छोटी कॉइल मुख्य कॉइलच्या निगेटिव्हला जोडलेल्या टोकाजवळ घाला आणि कागदाच्या नळीवर गुंडाळा, म्हणजे पुढे-मागे सरकवता येईल. शिट्टी येऊ लागली तर छोट्या कॉइलची दोन टोकं अदलाबदल करून पाहा.