रुग्णालयाचा आपत्कालीन आराखडा रात्रपाळीसाठी लिहा

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर आग लागली. 7 बाळे वाचली, 10 दगावली. त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले, तरीही त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या एका खासगी रुग्णालयात पहाटे आणि नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात भरदिवसा अतिदक्षता विभागातले रुग्ण आगीत गेले.

ऑडिट हवेच. पण धूर दिसल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत कोणी काय करायचे, हे त्यातून ठरत नाही. ते आराखड्यात लिहावे लागते, आणि तो आराखडा रात्री दोन वाजता हजर असणाऱ्या माणसांवर बेतलेला असावा, असे माझे ठाम मत आहे. 'वैद्यकीय अधीक्षक निर्णय घेतील' या वाक्याचा त्या वेळी काहीच उपयोग नसतो, कारण अधीक्षक घरी असतात आणि वॉर्डात असतात दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि जमल्यास एक निवासी डॉक्टर.

ऑक्सिजनचेच पाहा. आग लागली की वॉर्डाचा ऑक्सिजन व्हॉल्व्ह बंद करावा लागतो, नाहीतर आग भडकते. पण तो बंद करताच व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा श्वास अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि सुट्या सिलिंडरवर येतो. हा निर्णय घेण्याचा लेखी अधिकार ड्युटीवरच्या इन्चार्ज सिस्टरलाच हवा; परवानगीसाठी फोन लावत बसण्याइतका वेळ तिच्याजवळ नसतो. सिलिंडर उघडण्याची चावीसुद्धा सिलिंडरलाच साखळीने बांधलेली असावी, स्टोअरच्या कपाटात नव्हे. नाशिकच्या महापालिका रुग्णालयात 21 एप्रिल 2021 रोजी टाकीला गळती लागून पुरवठ्याचा दाब घटला आणि किमान 22 रुग्ण गेले, तेव्हा आगीशिवायही हीच वेळ आली होती.

कोणत्या रुग्णाला उचलून न्यावे लागेल आणि कोण चालू शकेल, हे प्रत्येक पाळीच्या हँडओव्हरमध्येच फळ्यावर लिहिले जावे. पहिला मुक्काम त्याच मजल्यावर, अग्निरोधक दरवाजापलीकडे असावा, जिना नंतर.

2006 च्या राज्य अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. रुग्णालयांना त्यासोबत रात्री घेतलेल्या मॉक ड्रिलची नोंदही बंधनकारक करावी, आणि कक्ष रिकामा व्हायला किती मिनिटे लागली, कुठे अडले, हे त्या रात्रीच्या सिस्टरनेच लिहावे.